मळवली ते कामशेत: पवन मावळातून एमटीबी

वाट अशी: मळवली स्टेशन, द्रुतगती महामार्गावरचा पूल, भाजे, गायमुख खिंड, लोहगडवाडी, दुधिवरे खिंड, पवना जलाशयाचा उत्तर काठ, पवनानगर, बेडसे आणि शेवटी कामशेत स्टेशन. अंतर साधारण 40 किलोमीटर. दोन्ही टोकांना पुणे-लोणावळा लोकल थांबते, त्यामुळे गाडी लागत नाही. पहिल्यांदा एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची सायकल (माउंटन बाइक) घेऊन सह्याद्रीत जाणाऱ्याला मी हीच वाट सुचवतो. आधीच सांगून ठेवतो की यातला निम्म्याहून जास्त भाग आता डांबरी किंवा काँक्रीटचा आहे. खरी मजा त्या रस्त्याची वळणं तोडणाऱ्या जुन्या पाऊलवाटांवर, खिंडीजवळच्या माळावर आणि वाड्यावस्त्यांना जोडणाऱ्या बैलगाडीच्या वाटांवर आहे.

या वाटा सायकलला का मानवतात, त्याचं उत्तर इतिहासात आहे. कोकणातल्या बंदरांवरून घाट चढून आलेला माल या टापूतून देशावर जायचा. कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी याच रहदारीच्या आसऱ्याने उभी राहिली. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीचा, म्हणजे व्यापाऱ्याचा लेख आहे आणि खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची (म्हणजे ग्रीक वगैरे परकीयांची) दानं कोरलेली आहेत. पुढे या रहदारीवर नजर ठेवायला लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना होतेच. पाठीवर गोणी लादलेलं जनावर कड्याला भिडत नाही. ते सोंडेवरून, खिंडीतून, वळसा घेत चढतं. त्यामुळे दोन गावांना जोडणारी वाट बहुतेक ठिकाणी पेडल मारत चढता येते.

गडाच्या पायऱ्यांचं गणित याच्या अगदी उलट. लोहगडाचे गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा एकापाठोपाठ एक वळणावर येतात, ते चढणाऱ्याची दमछाक व्हावी म्हणूनच. तिथे सायकल खांद्यावर घेऊन जाण्यात काही अर्थ नाही आणि पायऱ्यांवरून खाली उतरवणं तर सरळसरळ गैर आहे. लोहगड, विसापूर आणि ही तिन्ही लेणी संरक्षित स्मारकं आहेत, जुलै 2025 पासून लोहगड जागतिक वारसा यादीतही आहे. सायकल लोहगडवाडीत कुलूप लावून ठेवावी आणि गड पायीच बघावा. त्यासाठी दोन तास हाताशी असू द्या.

हंगाम कोणता, यावर बाकी सगळं ठरतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. मुरूम बसलेला असतो, ओलावा थोडा टिकून असतो, चाक पकड धरतं. फेब्रुवारीनंतर तोच मुरूम सुटा होतो आणि उतारावर घसारा लागतो, तिथे पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक निसटलंच. जून ते सप्टेंबर मावळ देखणा असला तरी हा मार्ग मी त्या दिवसांत सुचवणार नाही. सावलीतल्या कातळावर शेवाळ धरतं, आणि ओल्या शेवाळावर कुठलाच टायर टिकत नाही, कितीही महागडा असो. खिंडीत धुकं उतरलं की समोरून येणारी गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. शिवाय पावसाळ्यात मावळातल्या पर्यटनस्थळांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाईआदेश निघतात, ते बघूनच घराबाहेर पडावं.

भाज्याची लेणी उरकायची असतील तर ऊन चढायच्या आत उरका. चैत्यगृहाच्या छताला अजून लाकडी फासळ्या आहेत, आणि पुढे एका रांगेत चौदा स्तूप. गाव सोडलं की चढ सुरू होतो, तो थेट गायमुख खिंडीपर्यंत. मळवलीपासून लोहगडवाडीपर्यंत 200 मीटरच्या वर उंची गाठावी लागते आणि काही वळणं फार उभी आहेत. पुढे पेडलपाशी एकच दातेरी चक्र असेल तर 32 दात्यांचं, आणि मागे 11-50 ची कॅसेट (मागच्या चाकाच्या दातेरी चक्रांचा संच, सर्वात लहान 11 आणि सर्वात मोठं 50 दात्यांचं) असावी. 11-42 वर चढता येतं, पण गुडघे बोलायला लागतात. दोन चक्रांच्या जुन्या सायकलवर 22 किंवा 24 दात्यांचं छोटं चक्र पुरेसं. गिअर वळणाच्या आधी हलका करा. भर चढावर, चेनवर पूर्ण ताण असताना बदललात तर चेन तुटते किंवा डिरेल्युअर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) वाकतो. खिंडीत डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगडवाडी.

टायरची हवा हा सगळ्यात दुर्लक्षित विषय. डांबरावर सायकल हलकी पळावी म्हणून लोक 45-50 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरतात आणि मग मुरमावर चाक दगडादगडावर उड्या मारतं. 2.25 इंची टायर आणि 70 किलोचा माणूस धरला तर ट्यूबलेसमध्ये पुढे 22-23, मागे 25-26 पीएसआय. ट्यूब असेल तर पुढे 28, मागे 32 च्या आसपास, त्याहून कमी नको. कमी हवेत कातळाची धार लागली की रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. एकच बारीक भोक असेल तर तो काटा समजा. बाभूळ आणि बोरी बांधाबांधावर आहेत, आणि कुंपणाला तोडून टाकलेल्या फांद्यांचे काटे वाटेवर येतात. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवा. मोडलेलं टोक आतच राहिलं तर दुसरी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. 29 इंची ट्यूबलेस टायरला सीलंट (आतून भोकं बुजवणारा द्रव) 100 मिलिलिटर लागतं, आणि आपल्याकडच्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं. वर्षातून एकदा भरून विसरून गेलेलं सीलंट ऐनवेळी दगा देतं.

दुधिवरे खिंडीतून जलाशयाकडचा उतार ब्रेकची परीक्षा घेतो. ब्रेक सतत हलका धरून उतरायची सवय वाईट: रोटर (चाकासोबत फिरणारी ब्रेकची चकती) तापतो, तिला दाबून धरणाऱ्या पॅडची पकड जाते आणि लिव्हर दाबूनही वेग कमी होत नाही. सरळ पट्ट्यावर सायकल सोडा, वळणाआधी दोन्ही ब्रेक एकदम नीट दाबा, वळणात मोकळे ठेवा. पॅडचं अस्तर एक मिलिमीटरच्या खाली गेलं असेल तर ते घेऊन निघूच नका. धातूमिश्रित पॅड जास्त टिकतात, पण रोटरवर फक्त रेझिन (धातू नसलेले, मऊ) पॅड वापरा असं कोरलेलं असेल तर ते लावू नका, रोटर झिजून जातो. चेनला फवाऱ्याचं तेल मारताना रोटर झाका. तेलाचा शिंतोडा पॅडवर गेला की ब्रेक किंचाळतो आणि पकड निम्मी होते.

सोबत दोन ट्यूब, पंप, चेन जोडायची क्विक लिंक, चेन तोडायचं हत्यार आणि आपल्याच सायकलच्या मॉडेलचा डिरेल्युअर हँगर (डिरेल्युअर सांगाड्याला जोडणारा छोटा तुकडा) ठेवा. तो शेवटचा फार महत्त्वाचा. सायकल उजव्या बाजूला पडली की आधी हँगरच वाकतो, प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि पवनानगरच्या सायकल दुकानात तो मिळणार नाही. पाणी थंडीत दोन लिटर, फेब्रुवारीनंतर तीन. भाजे, लोहगडवाडी आणि पवनानगरला भरून घेता येतं.

जलाशयाच्या काठाने जाताना दोन गोष्टी पाळाच. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन वरून भेगाळलेली, टणक दिसते, पण खाली गाळ असतो आणि चाक रिमपर्यंत रुततं. आणि काठाच्या बऱ्याच जमिनी खासगी आहेत. तार ओलांडू नका, वाट विचारा. भाताच्या खाचरांचे बांध तर चाकाखाली घेऊच नका. इंद्रायणी भाताचं पीक उभं असताना बांधात पाणी तोललेलं असतं. ओल्या बांधावर चाकाची चरी पडली की पाणी तिथूनच फुटतं, खालच्या खाचरात जातं, आणि शेतकऱ्याला पुन्हा माती लिंपावी लागते. कापणीनंतर बांध कोरडे असतात तेव्हाही उतरून, सायकल हातात धरून जा. गुरं दिसली की थांबा, घंटी वाजवू नका. म्हैस बिथरली की ती पळते आणि मागे राखणारी पोरं धावतात.

पवनानगरहून तिकोना जवळ आहे, पण तो त्याच दिवशी जोडू नका. त्याऐवजी कामशेतच्या रस्त्यावरून बेडश्याला वळा. चैत्यगृहाच्या पुढच्या खांबांच्या माथ्यावर हत्ती-घोड्यांवर बसलेली जोडपी आहेत. कोरीवकामात मला ही लेणी भाज्यापेक्षा सरस वाटतात, आणि गर्दीही तुरळक. सायकल पायऱ्यांच्या खालीच ठेवावी लागते, तेव्हा कुलूप हवंच.

कामशेतला पोचायची वेळ लोकलच्या वेळापत्रकावरून ठरवा. दुपारी गाड्या कमी असतात. सायकल लगेजच्या डब्यात जाते, तिच्या पावतीचं स्टेशनवर आधी विचारून घ्या. गर्दीत पेडल कोणाच्या पोटरीला लागतं, म्हणून ते काढून ठेवलेलं बरं. उजवं पेडल नेहमीसारखं डावीकडे फिरवून सुटतं, डाव्याचे आटे उलटे असतात, ते उजवीकडे फिरवून काढायचं.