खांदा वारंवार उतरतो? ऑपरेशनआधी हाड मोजून घ्या

कबड्डी खेळताना खांदा उतरला, बसवला, तीन आठवडे पट्टा बांधला. काही महिन्यांनी पुन्हा उतरला. मग एके दिवशी झोपेत कूस बदलताना उतरला. इथवर आलं की नागपुरात कुठेही जा, मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा एखाद्या खासगी दवाखान्यात, एमआरआय होतो. त्यात 'बँकार्ट' हा शब्द दिसला की दुर्बिणीच्या ऑपरेशनची बोलणी सुरू होतात. मध्ये एक पायरी राहून जाते, ती म्हणजे सीटी स्कॅन.

खांद्याची खोबणी बशीइतकी उथळ असते. तिच्या काठाला लेब्रम नावाची चिवट कड असते आणि ती दंडाच्या हाडाच्या गोळ्याला जागेवर धरते. बहुतेक खांदे पुढच्या बाजूला उतरतात. तेव्हा गोळा ही कड पुढून-खालून उखडतो. लंडनच्या ब्लंडेल बँकार्ट यांनी 1923 मध्ये हे मांडलं, म्हणून त्यांचं नाव. त्याच झटक्यात गोळ्याचा मागचा भाग खोबणीच्या काठावर आपटतो आणि तिथे खड्डा पडतो; तो हिल-सॅक्स. पुढे प्रत्येक वेळी काठाचं हाडही थोडं थोडं झिजतं.

लेब्रम एमआरआयमध्ये छान दिसतो, पण हाडाची झीज मोजायला थ्रीडी सीटीच हवा, तोही गोळा चित्रातून वगळून. खोबणीची रुंदी खालच्या भागात साधारण 25 मिमी असते. म्हणजे 5 मिमी हाड गेलं तर 20 टक्के गेलं! एवढं हाड नसताना नुसता लेब्रम शिवला, तर टाके कितीही सुबक असोत, खेळणाऱ्या पोराचा खांदा पुन्हा उतरण्याची भीती मोठी.

ढोबळ हिशेब असा. झीज 13 टक्क्यांच्या आत आणि गोळ्यावरचा खड्डा लहान, तर बँकार्ट दुरुस्ती, म्हणजे उखडलेली कड पुन्हा काठाला शिवणं, पुरते. खड्डा मोठा असून हात वर-बाहेर नेताना काठात अडकत असेल, तर मागचा स्नायू त्या खड्ड्यात शिवतात (रेम्प्लिसाज). त्याने हात बाहेर वळणं थोडं कमी होतं, हे आधी सांगायला हवं. झीज 20-25 टक्क्यांच्या पुढे असेल तर लॅटार्जे, म्हणजे काठावर हाडाचा तुकडा बसवण्याचं ऑपरेशन. मधल्या पट्ट्यात वय आणि खेळ बघायचा. विशीतल्या कबड्डीपटूला नुसत्या टाक्यांवर सोडू नये असं माझं मत. चाळिशीनंतर पहिल्यांदाच खांदा उतरला आणि बसवल्यावरही हात वर जात नसेल, तर आधी रोटेटर कफ (गोळ्याभोवतीच्या स्नायूंचे कंडरे) फाटलाय का ते बघा.

बँकार्ट दुरुस्ती बिघडते ती बहुधा ठरावीक जागी. उखडलेला लेब्रम कधी कधी खोबणीच्या मानेवर (काठाच्या आतल्या बाजूच्या हाडावर) खाली सरकून तिथेच चिकटलेला असतो. तो पूर्ण सोडवून, त्याच्या पलीकडचा, खांद्याच्या पुढचा स्नायू (सबस्कॅप्युलारिस) दिसेपर्यंत मोकळा करावा लागतो. मग काठाचं हाड खरवडून त्यातून रक्त येऊ द्यायचं, कारण लेब्रम चिकटतो तो त्या ताज्या हाडालाच. उजव्या खांद्याला घड्याळ मानलं तर सर्वांत खालचा अँकर (टाक्याचा दोरा धरणारी, हाडात बसवायची छोटी खुंटी) साडेपाचच्या आसपास, शेवटचा तीनजवळ. तीनपेक्षा कमी अँकर, किंवा सगळे वरच्या अर्ध्यात, किंवा काठाऐवजी मानेवर ठोकलेले, तर दुरुस्ती टिकण्याची खात्री कमी. ऑपरेशनचे फोटो मिळतात. ते मागून ठेवा.

लॅटार्जेत कोराकॉइड या खांद्याच्या पुढच्या चोचीसारख्या हाडाचा तुकडा त्याला जोडलेल्या स्नायूंसकट काठावर नेतात आणि बहुधा दोन स्क्रूंनी बसवतात. तुकडा बाहेर डोकावला तर गोळा त्यावर घासतो, आत खोल गेला तर उपयोग कमी.

भूल देताना मानेत ब्लॉक (नसा बधिर करणारं इंजेक्शन) देतात, त्याने हात 12-18 तास बधिर राहतो. ब्लॉक उतरायच्या आधीच वेदनेची गोळी घ्यायची, नाहीतर रात्र कठीण जाते.

खरी कसोटी तिसऱ्या आठवड्यानंतर. दुखणं कमी होतं, पट्टा जाचायला लागतो, पोरगं म्हणतं, 'बरा झालो ना आता'. पण लेब्रम हाडाला पक्का धरायला सुमारे 12 आठवडे लागतात. तोवर भार अँकर आणि दोऱ्यांवर. पट्टा 4 ते 6 आठवडे, झोपतानाही. पहिल्या दिवसापासून बोटं, मनगट, कोपर हलवायचं. लॅटार्जेवाल्यांनी मात्र कोपर दुसऱ्या हाताच्या आधाराने वाकवायचं आणि सहा आठवडे त्या हाताने काही उचलायचं नाही, कारण सरकवलेल्या तुकड्याला बायसेप्स जोडलेला असतो. कोपर अंगाला लावून हात बाहेर वळवायचा तो सहा आठवडे 30 अंशांपर्यंतच. बॉल फेकण्याच्या पवित्र्यात हात नेणं 12 आठवडे बंद. 'आखडलाय' म्हणून मालिशवाल्याकडून ताणून घेणं तर अजिबात नको. शर्ट घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. गाडी दोन महिन्यांनंतर, फिजिओला विचारून. खड्ड्यात हँडलला बसणारा झटका थेट खांद्यात जातो.

नागपूरच्या मे महिन्यात पट्ट्याखाली काखेत घाम साचतो, कातडी सोलवटते. कमरेत वाकून हात सैल लोंबकळू द्यायचा, काख पुसून कोरडी करायची, सुती रुमाल ठेवायचा. ऑपरेशनआधी काखेवर घरी वस्तरा फिरवू नका. खांद्यातल्या संसर्गाचा नेहमीचा जंतू कातडीतच राहतो, आणि ओरखडे पडले की त्याला वाट मिळते.

कबड्डी सहा महिन्यांआधी नाही, तेही दोन्ही खांद्यांची ताकद जवळपास सारखी झाल्यावर. लॅटार्जेत हाड जुळल्याचं सीटीत दिसल्याशिवाय मैदानात उतरवू नये.

उन्हाळ्याचीच आणखी एक गोष्ट. कूलरचा शॉक बसून किंवा फिट येऊन खांदा मागच्या बाजूला उतरू शकतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत तो बसलेलाच भासतो आणि मुका मार समजून घरी पाठवतात. शॉकनंतर हात पोटाशी आखडून बाहेर वळतच नसेल, तर काखेच्या बाजूने एक्स-रे काढायला सांगा, नाहीतर सीटी.