मस्टँगचे इंजिन: बांधायचे की बदलायचे?

२०१५ ते २०१७ च्या फोर्ड मस्टँगमधल्या पाच लिटर व्ही-८ इंजिनाचे आकारमान ४९५१ घनसेंटीमीटर आणि कॉम्प्रेशनचे गुणोत्तर ११:१ आहे. म्हणजे पिस्टन अगदी वर आला की त्याच्या डोक्यावर दर सिलिंडरमागे जेमतेम ६२ मिलिलिटर जागा उरते. त्याहून अधिक पाणी आत शिरले, तर ते हवेसारखे दाबले जात नाही आणि इंजिनाचा सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्यावर येतो. मुंबईतल्या पावसात तुंबलेल्या रस्त्यावर बंद पडलेली एक मस्टँग टो होऊन पिंपरी-चिंचवडला आमच्या वर्कशॉपमध्ये आली, तेव्हा मालकांना मी हे गणित कागदावर मांडून दाखवले. गाडी फक्त एकदाच पुन्हा सुरू करून पाहिली, एवढ्याने इंजिन कसे जाईल, हे त्यांना पटत नव्हते. स्टार्टरने इंजिन क्षणभर पकडले, कोरड्या सिलिंडरांत स्फोट झाले आणि त्याच जोराने पाणी असलेले पिस्टन वर ढकलले गेले. खरे नुकसान त्या क्षणी झाले होते.

स्पार्क प्लग काढून आतले पाणी बाहेर घालवले, इंजिन हाताने फिरवले आणि हेड उतरवल्यावर प्रत्येक पिस्टनची वरच्या टोकाची उंची डायल गेजने मोजली. सहाव्या सिलिंडरचा पिस्टन बाकीच्यांपेक्षा साधारण दीड मिलिमीटर खाली थांबत होता आणि तिसऱ्याचा त्याच्या एक तृतीयांश. दोन रॉड वाकले होते, यात शंका उरली नाही. ऑइल दुधाळ झालेले होते आणि गाडी काही दिवस तशीच उभी राहिल्याने त्या दोन सिलिंडरांच्या लायनरांवर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळ्यांवर, गंजाचे पट्टे धरले होते.

येथून तीन माणसांचे तीन हिशेब सुरू झाले. मालकांचे म्हणणे होते, "साहेब, नवीन इंजिनच मागवा, मला कटकट नको." विमा कंपनीचे सर्वेअर म्हणत होते की पॉलिसीला इंजिन प्रोटेक्टचे कव्हर असले, तरी ते नुकसान झालेल्या भागांपुरते आहे; दोन रॉडसाठी अख्खे इंजिन मंजूर करण्याचा प्रश्नच येत नाही. मुळात हे जादा कव्हर घेतलेले नसते, तर पाण्यात गाडी सुरू केल्याने झालेले नुकसान नेहमीच्या पॉलिसीत बहुधा नाकारलेच गेले असते. नवीन इंजिनाची किंमत, सीमाशुल्क आणि मजुरी मिळून खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला असता, तर गाडी टोटल लॉसमध्ये, म्हणजे दुरुस्तीऐवजी निकालात गेली असती, आणि मालकांना ते मुळीच नको होते. भंगारात निघालेल्या गाडीचे इंजिन बसवण्याचा पर्यायही कोणीतरी सुचवला. तो मी ऐकूनच सोडून दिला, कारण त्या इंजिनाचे आतले मोजमाप कोणी केलेले नसते, आणि इंजिन बदलले की आरसीवरचा क्रमांक बदलून घेण्यासाठी आरटीओच्या फेऱ्या येतातच.

माझ्या मते अशा वेळी रॉडकडे पाहून निर्णय घेण्यात अर्थ नसतो. रॉड, पिस्टन, बेअरिंग ही बदलण्याचीच वस्तू आहे. खरा प्रश्न ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मूळ सांगाडा, आणि रॉड ज्याला फिरवतात तो क्रँकशाफ्ट शाबूत आहेत का, एवढाच असतो. म्हणून इंजिन पूर्ण उकलले. क्रँकला ब्लॉकमध्ये धरून ठेवणाऱ्या मेन कॅप जुन्याच बोल्टांनी ठरलेल्या ताणाला आवळून, क्रँक जिथे बसते ते मेन बोअर बेअरिंगविना मोजले. पाचही बोअर गोल आणि एका रेषेत होते. क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून फिरवली, तेव्हा काटा मर्यादेतच हलला, आणि चुंबकीय तपासणीत तिच्यावर एकही चीर दिसली नाही. वाकलेला रॉड लायनरच्या तळाशी घासला असेल, तर तेथे बारीक चीर पडू शकते, म्हणून ते दोन्ही लायनर रंगद्रव लावून तपासले. एका ठिकाणी नुसता ओरखडा होता आणि तो रिंगांच्या फिरण्याच्या पट्ट्याखाली होता.

राहिला गंज. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बसवलेले हे लोखंडी लायनर पातळ असतात, त्यामुळे ट्रकच्या इंजिनासारखे बिनधास्त रिबोअर करता, म्हणजे कापून मोठे करता, येत नाही. मी मालकांना लेखी दिले की हेडच्या जागी जाड टॉर्क प्लेट आवळून हलके होनिंग, म्हणजे लायनरची आतली बारीक घासाई, करू. पिस्टनच्या ठरलेल्या फटीच्या आत राहून खड्डे निघाले नाहीत, तर तेथेच थांबून हाफ इंजिन मागवू, म्हणजे ब्लॉक, क्रँक, रॉड आणि पिस्टन जोडून आलेला संच. होनिंग मशीनवर आमचे काका असतात, आणि त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे मी कोणाहीपुढे मान्य करीन. दर काही फेऱ्यांनी ते थांबत, बोअर गेज फिरवत आणि मान हलवत. सहाव्या सिलिंडरचा शेवटचा खड्डा निघाला, तेव्हा फट मर्यादेच्या आत होती. निर्णय झाला: इंजिन बांधायचे.

त्यानंतरचा वाद सुट्या भागांचा होता आणि तो मला निर्णयापेक्षाही जड गेला. या इंजिनाच्या रॉडच्या खालच्या टोकाची कॅप, म्हणजे क्रँकला कवेत घेणारा अर्धा भाग, मूळ रॉडपासून तोडूनच वेगळी केलेली असते. कॅप घासून बोअर पुन्हा गोल करण्याची जुनी पद्धत त्यांना चालत नाही, म्हणून वाकलेले दोन रॉड टाकून देणे भागच होते. सर्वेअर तेवढेच दोन धरत होते. हेडचे, मेन कॅपचे आणि रॉडचे बोल्ट एकदा ताणून आवळण्याचे असतात, सोडले की पुन्हा वापरायचे नाहीत. त्यामुळे आठही सिलिंडरांचे बोल्ट, सर्व गॅस्केट आणि बेअरिंग हा दुरुस्तीचाच भाग आहे, हे मात्र त्यांना कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलवरून मान्य करावे लागले. उरलेले सहा रॉड सरळ होते आणि वजनात नव्या दोघांशी जुळवता येत होते, तरी मी आठही नवे बसवण्याचा आग्रह धरला, कारण त्या दिवशी त्यांच्यावर किती ताण आला होता, हे कोणताही गेज सांगत नाही. सर्वेअरांनी त्या सहांची रक्कम कापली. मालकांनी ती स्वतः भरली, आणि बिलावर सही करताना जुने सहा रॉड पोत्यात भरून गाडीच्या डिकीत ठेवायला सांगितले.