पाटीवर लिहिलंय: जंप नाही, मासे नाही

राजेहो, अमेरिकेतल्या कित्येक पूल हॉलमध्ये (पूल म्हणजे बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा बॉलचा खेळ) भिंतीवर पाटी असते: जंप, म्हणजे व्हाइट (आपण मारतो तो पांढरा बॉल) दुसऱ्या बॉलवरून उडवणं, आणि मासे शॉट मारायला मनाई. (मासे म्हणजे तलावातले नव्हेत. क्यू, म्हणजे खेळायची काठी, जवळजवळ उभा धरून बॉल वळवायचा तो फटका. नाव फ्रेंच आहे.) आर्वी-पुसदकडच्या पार्लरमध्येही पाटी असते, पण तिच्यावर कापड फाटलं तर किती दंड ते लिहिलेलं असतं. म्हणजे खिशात पैसे असतील तर फाड बाप्पा. इथं अमेरिकेत विषयच बंद.

मला हा नियम पटत नाही. पूलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत जंपला परवानगी आहे. जंप क्यूची लांबी 40 इंचांहून कमी नको, एवढं सांगितलंय. जंपनं कापडावर पांढरे ठिपके पडतात म्हणावं, तर ते ब्रेकनंही, म्हणजे डावाच्या पहिल्या फटक्यानंही, पडतात. ब्रेक कोण बंद करतो?

खरी भीती चुकीच्या जंपची आहे, आणि इथं मालकाची बाजू घ्यावी लागते. नवे पोट्टे टिप, म्हणजे क्यूचं टोक, बॉलच्या बुडाशी घालतात आणि चमच्यानं भाजी उचलावी तसा बॉल उचलतात. बॉल उडतो, पण तो फाऊल असतो आणि टिप कापडावरून घासत जाते. एखाद्या वेळी चीरच पडते. बॉल खालून उचलायचा नसतोच, वरून दाबायचा असतो. तो कापडाखालच्या दगडी पाटावर आदळतो आणि उसळतो, बस्स.

त्यासाठी क्यूचा मागचा भाग वर घ्या, 40 ते 60 अंशांपर्यंत. क्यूची रेघ मनात पुढं वाढवली तर ती बॉलच्या मध्यातून गेली पाहिजे. त्या मध्याच्या वर लागलं की बॉल टिप आणि दगडाच्या मध्ये चेपला जातो, उडत नाही. फार खाली लागलं की झाला चमचा. मूठ सैल ठेवा, मनगटानं झटका द्या. खांद्याचा जोर इथं कामाचा नाही. रोजचा क्यू 18 ते 21 औंसांचा असतो आणि बॉल साधारण सहा औंसांचा, त्यामुळं टक्कर झाल्यावर जड क्यू वाटेतून लवकर हटत नाही. जंप क्यू दहा औंसांच्या आत असतो. तो बॉलवर लागून स्वतःच मागं उडतो आणि जागा मोकळी होते. टिपही चामड्याची नसून फिनॉलिक नावाच्या प्लास्टिकची, टणक. मऊ टिप धक्का गिळून टाकते.

सुरुवात अख्ख्या बॉलवरून करू नका. अडथळ्याच्या नुसत्या कडेवरून जाईल असा व्हाइट ठेवा, मग हळूहळू झाकत न्या. व्हाइट उडतो पण नेम धरलेल्या बॉलवरूनही निघून जातो, अशी तक्रार हमखास येते. मग जोर कमी करा आणि क्यू आणखी उभा करा, म्हणजे उडी आखूड पडते.

मासेबद्दल थोडक्यात. ह्याचं गणित फ्रेंच गणिती कोरिओलिसनं 1835 मध्ये मांडलं. क्यूची रेघ खाली कापडापर्यंत वाढवा आणि ती जिथं टेकते तो बिंदू धरा. व्हाइट कापडाला जिथं टेकलाय तिथून त्या बिंदूकडं मनात रेघ ओढा. बॉल वळून झाल्यावर ह्याच रेघेला समांतर चालतो. सामन्यात अशी वेळ क्वचित येते. आपल्या पार्लरमध्ये ह्याचा नाद करू नका, कापड परवडणार नाही.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेत जाऊन आम्हाला शिकवायला लागला. तर ऐका, स्नूकरचा जन्मच 1875 चा आणि जबलपूरचा. नागपूरहून सिवनी ओलांडलं की आलंच. फौजेतल्या नेव्हिल चेंबरलेन नावाच्या अधिकाऱ्यानं ते काढलं (पंतप्रधान झाले ते वेगळे). आणि स्नूकरमध्ये दुसऱ्या बॉलवरून उडी मारणं साधारणपणे फाऊलच. तेव्हा पाटीची अक्कल काही इथलीच नाही.

ह्या मनाईमुळं एक मात्र होतं. व्हाइट झाकला गेला की इथला माणूस उडी शोधत नाही, कुशन, म्हणजे टेबलाची रबरी कड, शोधतो. एका कुशनचा हिशोब सोपा आहे. व्हाइट कुशनपासून 20 इंच आणि नेमाचा बॉल 10 इंच असेल, आणि कुशनच्या कडेनं दोघांत 30 इंच अंतर असेल, तर ते 2:1 असं वाटा: व्हाइटच्या समोरून 20 इंचांवर नेम. अंतरं रबराच्या टोकापासून नको, इंचभराहून किंचित आतून मोजा, कारण बॉलचा मध्य तिथूनच परततो. 9 फुटी टेबलावर कडेच्या दोन खुणांत साडेबारा इंच असतात, त्यावर मोजता येतं. जोरात मारलं तर परतीचा कोन आखडतो. बॉल पुढं जातोय त्याच बाजूची साइड (मध्य सोडून डावी-उजवीकडं मारून दिलेली फिरकी) दिली तर कोन पसरतो, उलटी दिली तर आखडतो. म्हणून आधी साइड न देता, मध्यम जोरातच सराव करा.

गणपतीत कॅरमच्या स्पर्धा मारलेल्यांना रिबाउंडचा डोळा असतोच, तो इथल्या पोरांपाशी नाही. पण स्ट्रायकर घसरतो आणि बॉल घरंगळतो, त्यामुळं टक्कर झाल्यावर व्हाइट कुठं जाईल हे कॅरम शिकवत नाही. घरंगळत आलेला व्हाइट पाव ते पाऊण बॉल लागला, म्हणजे समोरच्या बॉलचा तेवढा भाग झाकून धडकला, तर मूळ रेघेपासून सुमारे 30 अंश वळतो. तर्जनी आणि मधलं बोट ताणून फाकवा, साधारण तेवढा.

मे महिन्यात आपल्याकडं कूलर थेट टेबलावर सोडतात. दमट कापडावर बॉल जड चालतो आणि मागचा स्पिन लवकर मरतो. मळक्या बॉलमध्ये घर्षण वाढतं, त्यामुळं कट, म्हणजे बॉलच्या कडेला लागणारा फटका, मारला की बॉल नेमापेक्षा जाड, म्हणजे कमी कोनात, जातो. कूलरचं तोंड भिंतीकडं करा. बॉल कोमट पाण्यात थोड्या साबणानं धुऊन मऊ फडक्यानं पुसा, आणि पुन्हा मारून पाहा.