माझा अनुभव : डब्यांची होम पार्टी, स्वतःची वेबसाइट आणि ‘अंडर रिव्ह्यू’

वेबसाइटवर ‘पैसे भरा’ हे एवढंसं बटण बसवायला मला अख्ख्या वेबसाइटपेक्षा जास्त वेळ लागला. आता काम झालंय, बटण चालतंय, तरी राग काही उतरत नाही. तेव्हा लिहूनच टाकते. निदान माझ्यासारख्या दुसऱ्या कोणाचं डोकं तरी कमी पिकेल.

मी बडोद्याची, कारेलीबागेत राहते. डबे, बाटल्या, कढया-तवे विकणाऱ्या एका कंपनीची डायरेक्ट सेलर आहे. दुकान नाही. कोणाच्या तरी घरी दुपारी दहा-बारा बायका जमतात, मी दोन मोठ्या पिशव्या घेऊन जाते, डब्यात काठोकाठ पाणी भरते, झाकणाचा मधला भाग अंगठ्याने दाबून हवा काढते आणि यजमानीणबाईंच्या सोफ्यावरच डबा उलटा धरते. थेंब पडत नाही. त्या क्षणी बायकांचे चेहरे बघायचे! मग चहा, लीलो चिवडा आणि ऑर्डर फॉर्म. जिच्या घरी पार्टी, तिला एकूण विक्रीच्या हिशेबाने भेट मिळते, म्हणून तीही शेजारणींना आग्रह करते.

अडचण पार्टीत नसते, पार्टी संपल्यावर सुरू होते. बोलावलेल्यांतल्या निम्म्या येतच नाहीत. आलेल्यांतल्या काही ‘ह्यांना विचारून सांगते’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी ऐन स्वयंपाकाच्या वेळी फोन करतात, “बेन, पेलो लीलो डब्बो केटलानो?” मागच्या पार्टीतला हिरवा की परवाचा हिरवा, हे ठरेपर्यंत माझी फोडणी करपते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले तर ते तिसऱ्याच ग्रुपवर फिरतात आणि गेल्या वर्षीच्या किमतीने ऑर्डर येते.

म्हणून वेबसाइट. दुकान थाटायची हौस नव्हती, कल्पना साधी होती. प्रत्येक पार्टीचं वेगळं पान. वर यजमानीणबाईंचं नाव, तारीख, वेळ, खाली त्या दिवशी दाखवलेल्या वस्तू किमतीसकट. पार्टी झाली की पान आणखी चार दिवस उघडं ठेवायचं आणि त्या चार दिवसांतल्या ऑर्डरीही यजमानीणबाईंच्याच खात्यात मोजायच्या. मग लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं काम मला करावं लागत नाही, त्याच टाकतात.

सुरुवात गणपतीनंतर केली. आमच्या करारात स्वतःच्या वेबसाइटला कंपनीची लेखी संमती लागते, ती मिळाली. पत्त्यात कंपनीचं नाव वापरायचं नाही, फोटो त्यांनी दिलेलेच घ्यायचे, किमतीत आपल्या मनाने काटछाट नाही, एवढ्या अटी. नणंदेचा मुलगा एमएस युनिव्हर्सिटीत शिकतो, त्याने शनिवार-रविवारात सगळं उभं करून दिलं. मराठी, गुजराती दोन्ही. मोबदल्यात सेव-उसळ आणि एक बाटली.

आता मुख्य कहाणी. ऑनलाइन पैसे घ्यायला पेमेंट गेटवे लागतो, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन आपल्या खात्यात पोचवणारी मधली कंपनी. कोणता, ते लिहीत नाही. खातं ‘काही मिनिटांत’ सुरू होतं अशी त्यांची जाहिरात आहे.

पहिला खोडा नावाचा. पॅनवर माझं नाव आधी आणि आडनाव शेवटी, बँकेत गुजरातच्या रिवाजाप्रमाणे आडनाव आधी. माणसाला दिसतं की बाई एकच आहे, यंत्राला दिसत नाही. रावपुऱ्यातल्या शाखेतून सही-शिक्क्याचं पत्र आणलं, ते चाललं. मग वेबसाइटवर अटी, माल परत घेण्याचे नियम, पैसे किती दिवसांत परत मिळणार, गोपनीयता, पत्ता अशी पानं हवीत म्हणाले. ह्यात त्यांचं चूक नाही. रिझर्व्ह बँकेच्या मार्च 2020 च्या निर्देशांतच होतं की गेटवेवाल्यांनी व्यापाऱ्याची चौकशी करायची आणि परताव्याची मुदत साइटवर लिहिलेली आहे का ते बघायचं. पानं टाकली.

मग आली व्यवसायाच्या प्रकारांची यादी. शिक्षण आहे, प्रवास आहे, पाळीव प्राण्यांचं खाणंसुद्धा आहे, डायरेक्ट सेलिंग नाही. ‘घरगुती वस्तू’ निवडलं. त्यावर त्यांचा मेल आला, की ह्या वस्तू दुसऱ्या कंपनीच्या आहेत, विकण्याचा अधिकार असल्याचं पत्र द्या. कंपनीकडून पत्र मागवलं. त्यात कंपनीने लिहिलं, की सदर महिला आमच्या अधिकृत डायरेक्ट सेलर आहेत. म्हणजे जे खरं आहे तेच.

आणि त्या पत्रावरच अर्ज नामंजूर! कारण काय, तर ‘तुमचा व्यवसाय मल्टी लेव्हल मार्केटिंग ह्या प्रतिबंधित प्रकारात मोडतो.’ म्हणजे माणसाखाली माणूस जोडत साखळी वाढवायची आणि त्यावर कमिशन खायचं, तो प्रकार. पत्र नसतं तर पत्र नाही म्हणून नाकारणार होते, पत्र दिलं तर पत्रात काय लिहिलंय म्हणून नाकारलं.

मी तक्रार टाकली. उत्तराला ‘नो-रिप्लाय’ पत्ता. चॅटवर गेले, तिथे यंत्र. ‘आपली अडचण समजली’ म्हणून पुन्हा तीच पाच बटणं दाखवायचं. तक्रारीला क्रमांक मिळायचा आणि दोन दिवसांनी ‘सोडवली’ असा शिक्का मारून तीच तक्रार बंद व्हायची. कोणी सोडवली, काय सोडवली, पत्ता नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा ‘अंडर रिव्ह्यू’ म्हणजे तपासणी चालू, पुन्हा नकार. कुठला शब्द खुपला, कुठलं पान खटकलं, हे कधीच सांगायचं नाही. सांगितलं तर फसवणारे शहाणे होतील, असं म्हणे. अहो, पण न फसवणाऱ्यांनी करायचं काय?

शेवटी मी नियमच काढले. केंद्र सरकारने 28 डिसेंबर 2021 ला ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम आणले. त्यात पिरॅमिड योजनेला (म्हणजे नवे सभासद जोडण्यावरच कमाई) आणि पैसे फिरवण्याच्या योजनेला सरळ बंदी आहे, आणि माझ्यासारखीने काय करायचं तेही लिहिलंय. कंपनीशी लेखी करार हवा, गिऱ्हाइकाच्या घरी ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय जायचं नाही, वस्तूची किंमत, परत करण्याचे नियम, गॅरंटी आधी सांगायची, ऑर्डर फॉर्म द्यायचा. म्हणजे सरकार मला ओळखतं, गेटवेला मात्र मी संशयित. ते राजपत्र जोडलं, योग्य त्या ओळींवर पिवळा रंग मारला. उत्तर तेच, अक्षरशः तेच, स्वल्पविरामासकट.

मधल्या काळात नवरात्र येऊन गेलं. नवरात्रात बडोद्यात होम पार्टीचं नावही काढू नये, रात्रभर गरबा आणि दुपारभर झोप. दिवाळीची मोठी खरेदीही हातची गेली. वेबसाइटवर वस्तू होत्या, फोटो होते, आणि बटणाच्या जागी ‘लवकरच’.

मग एकदाचा माणसाचा फोन आला. मुलगा तरुण, हिंदीत बोलत होता. “मॅडम, इसमें जॉइनिंग फीस कितनी है?”

“एक रुपया नहीं. मैं डब्बे बेचती हूँ.”

“तो फिर पार्टी किस बात की?”

आता ह्याला काय सांगायचं? अमेरिकेत ब्राऊनी वाइज नावाची बाई 1950 च्या दशकात टपरवेअरच्या अशाच पार्ट्या भरवत होती आणि 1954 मध्ये ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर झळकलेली ती पहिली बाई. पद्धत इतकी जुनी. मी त्याला एवढं नाही सांगितलं, फक्त डबा उलटा धरण्याची गोष्ट सांगितली. तो हसला. हसल्यावर मात्र खरं बोलला, “मॅडम, आपकी साइट पे एक पेज है, ‘माझ्या टीममध्ये या’. सिस्टम उसी को पकड़ता है.”

ते पान माझं नव्हतंच. कंपनीने विक्रेत्यांसाठी नमुना म्हणून जी पानं दिली होती, त्यातलं ते एक. मला टीम नको आहे, कधीच नको होती. मला माझे डबे विकायचे आहेत. पान त्याच संध्याकाळी काढलं आणि पहिल्याच पानावर ठळक लिहिलं, ‘इथे फक्त वस्तूंची विक्री होते. कोणालाही सभासद केलं जात नाही, त्यासाठी पैसे घेतले किंवा दिले जात नाहीत.’ मार्गशीर्षातले गुरुवार चालू होते तेव्हा मंजुरीचा मेल आला. रात्री, ‘अभिनंदन’ म्हणून, फुलबाज्यांच्या चित्रासकट. इतके दिवस झालेल्या खोळंब्याबद्दल अवाक्षर नाही.

तुम्ही ह्या फेऱ्यात असाल तर असं करा. जोवर मंजुरी नाही तोवर बँकेकडून व्यापाऱ्याचा यूपीआय क्यूआर घ्या. मला शाखेतल्या बेनने लगेच काढून दिला, जास्त कागदही लागले नाहीत. त्याचा फोटो पार्टीच्या पानावर टाकला तरी काम भागतं. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट मात्र पुरावा धरू नका, स्वतःच्या खात्यात बघा. आणि उद्यमची, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी करा. ती सरकारी साइटवर आधार क्रमांकाने होते आणि फुकट होते. शोधताना वर ज्या पैसे मागणाऱ्या साइटी दिसतात त्या सरकारी नाहीत.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या मेलवर आणि स्वतःच्या मोबाइलवर घ्या, भाच्याच्या नको. तो उद्या पुण्याला नोकरीला जाईल आणि नूतनीकरणाचा मेल त्याच्याकडे जाईल. पहिल्या वर्षाची किंमत स्वस्त असते, दुसऱ्या वर्षाची बघून घ्या.

हो, आणखी एक. सप्टेंबर 2024 मध्ये टपरवेअरच्या अमेरिकेतल्या मूळ कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केल्याची बातमी आली, तेव्हा माझी कंपनी वेगळी असूनही बायका विचारायच्या, “तुमचं बंद झालं ना?” प्रत्येकीला फोनवर समजावत होते. आता ‘माझ्याविषयी’ ह्या पानावर कंपनीचं नाव, माझा नोंदणी क्रमांक, ओळखपत्राचा फोटो आहे. विचारणं थांबलं.

विक्री वाढली का? वाढली, पण मला वाटलं होतं त्या बाजूने नाही. बडोद्यातल्या बायका बटण दाबतच नाहीत. त्या पार्टीत येतात, क्यूआर स्कॅन करतात नाहीतर डब्याखाली पाचशेची नोट ठेवतात. बटण दाबतात त्या परगावच्या लेकी. आई दांडिया बाजारात, मुलगी बंगळुरूला. आई पार्टीचं पान पाठवते, मुलगी आईसाठी डबे घेते आणि पैसे तिथून भरते. पार्टीत न आलेल्या बायकांची ऑर्डर आता पार्टीतल्या ऑर्डरीला टक्कर देते, आणि यजमानीणबाईंची भेट मोठी होते म्हणून पुढची पार्टी द्यायला घरं आपणहून मिळतात. तारीख मागायचा फॉर्मही साइटवर आहे. ‘आधी वेळ ठरवून’ हा नियम त्यात आपोआप पाळला जातो आणि लेखी राहतो.

खरी मजा संक्रांतीला आली. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवांचे दिवस, वाण लुटायला प्रत्येकीला तीस-चाळीस सारख्या वस्तू हव्यात. पूर्वी मंगळ बाजारात जाऊन घासाघीस करायच्या. मी ‘वाणासाठी’ असं एक पान केलं, लहान गोल डब्या, रंग निवडा, संख्या टाका, तारीख टाका. गुजराती शेजारणींनीही आपल्या मराठी मैत्रिणींना ते पाठवलं. 14 आणि 15 जानेवारीला डिलिव्हरी नाही, हे मात्र त्या पानावर लाल अक्षरांत लिहा. उत्तरायणाला आख्खं बडोदं गच्चीवर असतं, डब्या पोचवायला रिक्षावालाही मिळत नाही.

कार्डाने पैसे आले तर गेटवे साधारण दोन टक्के कापतो आणि त्या फीवर 18 टक्के जीएसटी. पैसे खात्यात यायला सहसा दोनेक कामाचे दिवस जातात. तेव्हा कंपनीकडे माल मागवताना तो आकडा हातात आहे असं धरू नका. आणि कोणी माल परत केला, तर पैसे गेटवेच्या स्क्रीनवरूनच परत करा, घाईघाईत आपल्या यूपीआयने पाठवू नका. गिऱ्हाईक खूश होतं, पण महिनाअखेरीला ती विक्री तुमच्या नावावर तशीच उभी राहते आणि हिशेब जुळवताना आपलीच पंचाईत होते.