तो, ती, तू: वहीची सातव्या महिन्याची नोंद

मंडळी, वही २१८ गाण्यांवर आलीये. मागच्या नोंदीला १६० च्या आसपास होती, मधे दोन आठवडे काहीच ऐकणं झालं नाही आणि मग एका रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत हेडफोन काढलाच नाही.

नव्यांसाठी परत सांगतो. मी पॉप गाणं घेतो, गाणारा कोण, साल कुठलं, आणि ज्याच्या किंवा जिच्यावर प्रेम आहे त्या माणसाला गाण्यात काय म्हटलंय ते लिहितो. चार रकाने आहेत: तो, ती, तू, आणि कोणीच नाही. आजचा हिशेब असा, तो ३१, ती ६४, तू १०९, कोणीच नाही १४. मी गे आहे, आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून प्रत्येक गाण्यातली 'ती' काढून मनातल्या मनात 'तो' घालत आलोय, इतकी वर्षं की आता गाणं ऐकताना अर्धं लक्ष त्या अदलाबदलीतच जातं. जी गाणी ऐकताना मला काही बदलावं लागत नाही ती एका जागी असावीत म्हणून ही वही.

या महिन्यातली सगळ्यात जुनी नोंद १९२८ ची. पॉल व्हाइटमनचा ऑर्केस्ट्रा, गाणाऱ्यांत बिंग क्रॉस्बी, आणि गाणं काय तर माझ्या अश्रूंतल्या मिठाची किंमत असेल असा एकही गोड पुरुष नाही, या अर्थाचं. गाणं बाईसाठी लिहिलेलं, पण त्या काळी छापील गाण्याचे शब्द प्रकाशकांना बदललेले चालायचे नाहीत, म्हणून पुरुष गायक तेच शब्द जसेच्या तसे गाऊन मोकळे व्हायचे. अशा बऱ्याच रेकॉर्ड आहेत. त्यात कोणाच्या मनात काही होतं असं मी म्हणत नाहीये, तरी 'तो'च्या रकान्यात पहिलंच नाव क्रॉस्बीचं लिहिताना मला खूप बरं वाटलं.

दुसरी नोंद, आणि हिच्यावर मी चार दिवस होतो. १९८५ मधे ब्रॉन्स्की बीट या ब्रिटिश बँडने गायक मार्क आमंडला घेऊन 'आय फील लव्ह' केलं, ब्रिटनमधे तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं. मूळ गाणं डॉना समरचं, १९७७ चं, जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉटचं. त्यात बासची लय सिंथची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्याची आहे आणि तिचाच किंचित उशिराचा प्रतिध्वनी दुसऱ्या कानात येतो, हेडफोनवर एका कानावरचा काढून ऐका, मग परत लावा, लय एकदम दुप्पट धावायला लागते. फक्त तो खालचा ड्रमचा ठोका माणसाने वाजवलाय, कीथ फोर्सीने, कारण तेव्हाच्या सिंथमधून तेवढा भरीव ठोका निघत नव्हता. आणि शब्द इतके थोडे की अख्ख्या गाण्यात तो नाही, ती नाही. म्हणून १९८५ मधे ब्रॉन्स्की बीटचा गायक जिमी सॉमरविल आणि मार्क आमंड, दोन पुरुष, एकमेकांसमोर हे गातात तेव्हा काहीच बदलावं लागत नाही.

पण त्या रेकॉर्डची खरी गंमत पुढे आहे. ते मेडले आहे, म्हणजे गाण्याला गाणं जोडून केलेली रेकॉर्ड, आणि त्यात 'जॉनी रिमेंबर मी' येतं, १९६१ चं जॉन लेटनचं नंबर वन. मूळ गाण्यात जॉनीला हाक मारते ती त्याची गेलेली प्रेयसी, दुरून, वाऱ्यातून येणाऱ्या आवाजात. ते बनवलं जो मीकने, जो स्वतः समलिंगी होता आणि ज्या काळात पुरुषाने पुरुषावर प्रेम करणं ब्रिटनमधे गुन्हा होता त्या काळात राहत्या फ्लॅटमधे स्टुडिओ थाटून रेकॉर्ड बनवायचा. तो १९६७ च्या फेब्रुवारीत गेला, इंग्लंडमधे कायदा बदलला त्याच वर्षी जुलैत. आणि त्यानंतर अठरा वर्षांनी जॉनीला हाक मारणारे आवाज दोन गे पुरुषांचे. मी हे लिहून काढलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी ते मेडले परत पहिल्यापासून लावलं.

जिमी सॉमरविलचंच अजून एक. 'डोन्ट लीव्ह मी धिस वे' आधी हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सचं, म्हणजे टेडी पेंडरग्रासचा भारदस्त आवाज, १९७५. मग थेल्मा ह्यूस्टनचं. मग १९८६ मधे सॉमरविलच्या पुढच्या बँडचं, कम्युनार्ड्सचं, जे ब्रिटनमधे चार आठवडे नंबर वन होतं आणि त्या वर्षीचं तिथलं सगळ्यात जास्त खपलेलं सिंगल. त्यात वरच्या पट्टीत गातो तो पुरुष आणि खालच्या पट्टीत गाते ती बाई, सेरा जेन मॉरिस. पुरुष, बाई, मग दोघं, तेही आवाजांची अदलाबदल करून, आणि शब्द तेच, कारण सगळं गाणं 'तू'ला उद्देशून आहे.

इथे मला माझी एक चूक दुरुस्त करायचीये. पहिल्या नोंदीत मी 'तू'च्या रकान्याच्या डोक्यावर 'लपवलेलं' असं लिहिलं होतं. म्हणजे गायकाला 'तो' म्हणायचं होतं पण हिंमत झाली नाही म्हणून 'तू', असं माझं मत होतं. ते बदललं ते 'बीइंग बोअरिंग'मुळे. पेट शॉप बॉइज, १९९०, ब्रिटनमधे फक्त विसाव्या नंबरवर अडकलेलं आणि आज त्यांच्या चाहत्यांमधे सगळ्यात लाडकं. एड्सने गेलेल्या मित्राच्या आठवणीतलं गाणं आहे ते. तीन कडवी, जुन्या पार्टीची आमंत्रणं, मग सत्तरच्या दशकात घर सोडून निघालेला मुलगा, मग नव्वदचं दशक, जिथे ज्यांच्यावर प्रेम केलं त्यातले काही आहेत आणि काही नाहीत. त्यांचा गायक नील टेनंट स्वतः आउट झाला, म्हणजे गे असल्याचं उघड बोलला, १९९४ मधे, पण हे गाणं कुठेच घाबरलेलं नाहीये. तिथे 'तू' म्हणजे समोरचा जिवंत असता तर त्याच्याशीच बोललो असतो असा 'तू' आहे. याला लपवलेलं म्हणणं फार चुकीचं होतं.

मग मी एक उद्योग केला, गेल्या महिन्यात म्हटलं होतं तो. 'तू'वाली दहा गाणी मराठीत करून बघितली, गाण्यासाठी नाही, फक्त अर्थ उतरवायला. आणि लगेच अडलं. इंग्रजीत तू निघून गेलास की गेलीस हे सांगावंच लागत नाही. आपल्याकडे सांगावं लागतं, पण सगळीकडे नाही! 'तू मला विसरलास' म्हटलं की मुलगा, 'विसरलीस' म्हटलं की मुलगी. पण 'तू मला सोडलंस' यात कळत नाही. 'तू येतोस, येतेस' यात कळतं, 'तू येशील' यात नाही. 'ये ना', 'थांब', 'जाऊ नकोस' यात अजिबात नाही. म्हणजे मराठीत ज्याला 'तू' असं मोकळं ठेवायचंय त्याने एकतर विनवणी करायची, भविष्यकाळात बोलायचं, किंवा 'सोडलंस'सारखं क्रियापद शोधायचं. 'डोन्ट लीव्ह मी' छान उतरतं, 'मला सोडून जाऊ नकोस', कोणीही कोणालाही म्हणू शकतं. आणि ज्या क्षणी मी पहिल्यांदा वहीत 'तू निघून गेलास' लिहिलं, गेलास, सरळ, तेव्हा पेन खाली ठेवावं लागलं. इतकी वर्षं गाणं ऐकताना मनात जे बदलत होतो ते आज माझ्याच अक्षरात समोर होतं.

आता अलीकडचं, थोडक्यात, कारण यातलं बरंच तुम्हाला माहितीये. फ्रँक ओशन, २०१२, पहिलं प्रेम एका पुरुषावर होतं असं पत्र लिहून जाहीर केलं आणि त्याच महिन्यात आलेल्या 'चॅनल ऑरेंज'वरच्या 'बॅड रिलिजन'मधे स्पष्ट 'त्याला'. सॅम स्मिथ, २०१४ च्या पहिल्या अल्बमच्या वेळी सांगितलं की गाणी एका पुरुषावरच्या प्रेमातली आहेत, पण ज्याच्यावर प्रेम तो गाण्यांत 'तू'च, आणि २०१७ मधे गाण्याचं नावच 'हिम'. (सॅम स्मिथ २०१९ पासून स्वतःसाठी 'ही' किंवा 'शी' ऐवजी 'दे' हे सर्वनाम वापरतात, त्यामुळे वहीत मी 'गातात, म्हणतात' असंच लिहितो, त्यात तो पण नाही आणि ती पण नाही.) लिल नॅस एक्स २०१९ मधे आउट झाला तेव्हा त्याचं गाणं अमेरिकेत नंबर वनवर होतं, आणि २०२१ च्या 'दॅट्स व्हॉट आय वाँट'मधे तो सरळ म्हणतो की मला एक मुलगा हवाय. हे मला पंधराव्या वर्षी ऐकायला मिळालं असतं तर! आज पंधरा वर्षांच्या पोरांना ते मिळतंय याचा मला मनापासून आनंद आहे. चॅपल रोनचं २०२४ चं 'गुड लक, बेब!' मात्र परत 'तू'च्या रकान्यात गेलं, बाईने बाईला उद्देशून गायलेलं, आणि त्यात लपवालपवी करतेय ती समोरची, गाणारी नाही. यावरून रकान्याचं जुनं नाव किती चुकलं होतं ते अजून पक्कं झालं.

वस्तूंच्या बाजूने एक चांगली बातमी. ब्रॉन्स्की बीटचा 'द एज ऑफ कन्सेंट', १९८४, ज्याच्या कव्हरवर गुलाबी त्रिकोण आहे (नाझी छावण्यांत समलिंगी पुरुषांना लावायची खूण, पुढे गे चळवळीने आपली केलेली), तो मी मागे घेतला होता तेव्हा आतलं कागदी स्लीव्हच नव्हतं, विकणाऱ्याने सांगितलंही नव्हतं, आणि मला तर तेच हवं होतं. आता दुसरी प्रत मिळाली, स्लीव्हसकट. त्यावर पुरुषापुरुषांतल्या संबंधांसाठी कुठल्या देशात संमतीचं वय किती ते छापलंय. ब्रिटनचा आकडा २१, जेव्हा तिथे स्त्री-पुरुषांसाठी १६ होता. तो १८ व्हायला १९९४ उजाडलं आणि १६ व्हायला २००१. कागद कडेने पिवळा पडलाय, एक कोपरा दुमडलेला आहे, आणि घडीच्या जागी कोणीतरी फार जपून चिकटपट्टी लावलीये. ज्याने लावली त्यानेही हा कागद टाकून दिला नाही.

'लपवलेलं' खोडलंय. त्या रकान्याच्या डोक्यावर आता नुसतं 'तू' आहे, १०९ च्या १०९ नोंदी परत वाचून काढणार आहे, जिथे तेव्हा शेरा कडक मारला होता तिथे खाली तारीख टाकून नवा शेरा. पुढच्या महिन्यात बी-साइड, म्हणजे सिंगलच्या मागच्या बाजूची गाणी घेतोय, आणि सुरुवात परत जो मीकपासून, १९६६ चं टॉर्नेडोजचं 'डू यू कम हिअर ऑफन?', शब्दांशिवाय नुसतं वाद्यांवर वाजवलेलं, पण मधेच दोन पुरुषांच्या गप्पा ऐकू येतात. कुठल्या रकान्यात घालायचं ते ठरेना, तुम्ही ऐकून सांगा.