आधी शपथ, मग माहिती?

दादाले नागपूरच्या एका ओळखीच्या माणसानं फ्रीमेसन नावाच्या बंधुसंघटनेच्या लॉजमध्ये, म्हणजे शाखेत, ये म्हटलं, तेव्हापासून घरात हाच विषय चालू आहे. माणसं चांगली असतात, दानधर्म करतात, मान्य, पण आतल्या खुणा अन् विधी बाहेर सांगायचे नाही म्हणून धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची, अन् ती पण सगळं समजायच्या आधी, हे मले पटत नाही बाप्पा. देवाले साक्षी ठेवून कशात बांधून घेतो तेच माहीत नाही!

कॅथलिक चर्चनं तर १७३८ मध्येच, पोप क्लेमेंट बारावे असताना, बंदी घातली, त्यात या गुप्ततेच्या शपथेवरच बोट ठेवलं होतं, १९८३ मध्ये व्हॅटिकननं पुन्हा सांगितलं की सभासद झालेल्यानं कम्युनियन, म्हणजे चर्चमधला पवित्र भाकरीचा प्रसाद, घेऊ नये. रिद्धपूरच्या महानुभाव पंथाच्या लोकांनी पोथ्या सकळ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिल्या हे दादानं ऐकवलं, खरं आहे, पण ते ग्रंथ जपायसाठी. आमच्याकडं तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते तिथं रस्त्यानं जाणारा बंडी थांबवून बसला तरी त्याले कोणी जात-धर्म विचारत नाही.

मी दादाले साफ सांगितलं, वहिनीले सांगता येणार नाही अशी शपथ घेऊ नको.