गाडी कुठली?

मेव्हण्याचं सिंहगड रोडला, खडकवासल्याच्या अलीकडे लॉन्स आहे. आपल्या पुणेरी अर्थाने लॉन्स, म्हणजे लग्नाचं. तिथलं गवत कापायला त्याने एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून सेकंडहँड मशीन आणलंय, वर बसून चालवायचं, बुटक्या ट्रॅक्टरसारखं, आणि ते आल्यापासून घरातल्या झाडून सगळ्या पुरुषांना तिकडे 'जरा मदतीला' जायची फार हौस आलीये. (मीही त्यातलाच.)

तुळशीच्या लग्नाला आठ दिवस असताना त्याचा मागचा डावा टायर गेला. बाजूला इतक्या चिरा की आतले धागे दिसत होते. आता हे मशीन एका बाजूला बसलं की खाली पात्यांचं जे झाकण असतं तेही त्याच बाजूला कलतं, त्यामुळे स्टेजसमोर एक पट्टा असा कापला गेला की अर्धं टक्कल आणि अर्ध्या झिपऱ्या.

टायरवर आकडा होता, २०×८.००-८. उंची २० इंच, रुंदी ८, रिम ८. म्हटलं एवढं स्वच्छ लिहिलंय तर अडचण कसली, फोटो काढला आणि नाना पेठ गाठली. पहिल्या दुकानातल्या काकांनी फोटोकडे बघितलंही नाही.

"गाडी कुठली?"

"गाडी नाही, गवत कापायचं मशीन आहे."

"हो, पण गाडी कुठली?"

पुढच्या दुकानात आठची रिम म्हटल्याबरोबर त्याने रिक्षाचा टायर काढून आपटला, ४.००-८. रिम बरोबर आहे हो, पण रुंदी निम्मी, आमच्या रिमवर तो म्हणजे थोरल्याच्या अंगात धाकट्याचा शर्ट. तिसऱ्याने शेतातल्या विडरचा दाखवला, बोटभर खोल दात, "ग्रिप बघा साहेब!" ग्रिपच तर नको होती! लॉनच्या टायरची नक्षी मुद्दाम उथळ आणि चपटी असते, गवतावर वजन पसरावं, ते उपटू नये म्हणून. विडरचा घालून दोन चकरा मारल्या असत्या तर मेव्हण्याला यंदा लग्नांऐवजी ज्वारी घ्यावी लागली असती. रविवारी जुन्या बाजारातही फिरून आलो, तिथे मला एक चांगला पितळी अडकित्ता मिळाला, टायर नाही.

शेवटी एका दुकानात कोपऱ्यात चहा पीत बसलेला पोरगा म्हणाला, गोल्फची ती बॅटरीवरची गाडी असते ना, तिचा बघा की. १८×८.५०-८! रिम तीच, रुंदीला अर्धा इंच जास्त, नक्षीही गवताला चालणारी. उंचीला दोन इंच कमी, म्हणजे एकच बदलला तर मशीन परत तिरकंच, त्यामुळे मुकाट्याने जोडी घेतली. मागचा अ‍ॅक्सल दोन्हीकडे एक इंच खाली येणार होता, तेवढं पात्यांचं झाकण नट फिरवून लेव्हलला आणायचं.

बसवणं हा वेगळा सोहळा. टायरची कड रिमला धरेचना, हवा भरली की फुस्स करून बाहेर. पंक्चरवाल्याने कडेला साबणाचं पाणी लावलं, टायरच्या पोटावरून नायलॉनची दोरी गुंडाळली आणि त्यात पाना घालून पिळत गेला, तेव्हा कुठे दोन्ही कडा फुगून टक-टक बसल्या. मग म्हणाला, किती भरू? मी म्हटलं दहा.

"दहा? दहा म्हणजे पंक्चरच की ओ!"

पण मऊ गवतावर तेवढीच लागते, जास्त भरली तर मशीन उड्या मारतं. त्याला काही ते पटलं नाही, त्याने बारा भरली आणि माझ्याकडे दयेने बघितलं.

बिल मेव्हण्याने लॉन्सच्या हिशोबात लावलंय. त्यात गाडीचा रकाना आहे. तिथे येऊन दुकानदाराचं पेन थांबलं होतं, मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यानेच लिहून टाकलं, 'गवत'.